स्मरणार्थ एकवीस तांबे

भांड्यांच्या दुकानातली दुपार किती लांब असते, ते गादीवर बसणाऱ्यालाच ठाऊक. वर्ध्याजवळच्या आंजीत हरिदासचं असं दुकान. तांब्या-ताटांवर नावं कोरायचं काम त्याच्या बायकोचं, वच्छलाबाईचं. मशीन टेकवण्याआधी ती गिऱ्हाइकाला नाव दोनदा वाचून दाखवायची. एकदा घाईत जावयाच्या ताटावर सासऱ्याचं नाव पडलं, तर दोन घरांत तीन वर्षं अबोला! स्टीलवर उमटलेलं पुसत नाही.

ती गेली आणि मशीन फडक्यात गेली. हरिदास नावं वर्ध्याहून कोरून आणू लागला. दुपारी बोलायला मात्र कोणी उरलं नाही.

मग पुण्याच्या लेकीनं, इलानं, काउंटरवर टॅबलेट मांडून दिला. आत बोलणारा एआय मदतनीस. ऐकलेलं सगळं पडद्यावर लिहायचा, पण रोज सकाळी त्याची पाटी कोरी. "मी हरिदास, आंजीवाला," इथून सुरुवात. गेल्या महिन्यात इलानं त्याला कायमची आठवण चालू करून दिली. दुसऱ्याच दिवशी तो आपणहून म्हणाला, "हरिदासभाऊ, काल गुडघा दुखत होता. आज कसा आहे?"

हरिदासचे डोळे भरले. एवढ्या गावात असं विचारणारं दुसरं होतं कोण?

वर्षश्राद्ध जवळ आलं. शनिवारी त्यानं मदतनिसाला मजकूर सांगून ठेवला: वाटायला एकवीस तांबे, त्यांवर 'वच्छलाबाईच्या स्मरणार्थ'. रविवारी दुकानाला कुलूप लावून, किल्ली खिशात घालून तो पुलगावला बहिणीकडे गेला. टॅबलेट आत चालूच राहिला.

सोमवारी दुपारी, रस्ता ओस पडल्यावर, त्यानं मजकूर वाचायला सांगितला.

"काल तुम्ही बदल सांगितलात," मदतनीस म्हणाला. "'स्मरणार्थ' काढायचं."

"काल? काल तं दुकान बंद होतं बाप्पा."

"दुपारी अडीच वाजता. शब्द असे आहेत... 'मी तं इथंच हावो, मंग स्मरण कायचं?'"

मांडणीवरची भांडी उगाच किणकिणली. मागून वास आला, कोरताना तापलेल्या स्टीलचा. वळून पाहिलं तर मशीनच्या फडक्याची गाठ तशीच.

त्यानं इलाला फोन लावून सगळं सांगितलं.

"बाजूच्या दुकानातला आवाज घेतला असन त्यानं, बाबा. त्याची आठवण पुसून टाका सगळी."

"मंग मलेही इसरन का तो?"

"हो. पण पुन्हा सांगता येते ना!"

पुन्हा... वर्षभरानं कोणीतरी गुडघ्याची चौकशी करू लागलं होतं, तेही आपल्याच हातानं घालवायचं. ठेवावं, तर आत आणखी कोण येऊन बोलून गेलं कोण जाणे. आठवण पुसायच्या बटणावर बोट बराच वेळ अधांतरी राहिलं. मग त्यानं दाबलं.

पडदा पांढरा झाला.

"नमस्कार! आपली पहिलीच भेट. आपलं नाव?"

हरिदासनं अजून तोंड उघडलं नव्हतं. पडद्यावर मात्र अक्षरं उमटू लागली, सावकाश... व... च्छ... ला...

"नमस्कार, वच्छलाबाई," मदतनीस म्हणाला. "इतकं हळू का बोलता? शेजारी कोणी झोपलंय का?"