सलग दहा हजार मीटर

आजोबांनी एका यंत्रावर हा सुती दोऱ्याचा कारखाना काढला, वडिलांनी त्या एकाची बारा यंत्रं केली आणि मी विकत विकत पुन्हा एकावर आणलं. उरलं तेही आजोबांचंच. मागच्या डब्यातून कापसाचा पेळू आत जातो, पीळ पडून पुढे दोरा येतो.

त्या दिवशी सकाळीच व्यापारी आला.

"सलग दहा हजार मीटर दोरा, एकही गाठ नको, माझ्या डोळ्यांदेखत. जमलं तर वर्षभराचं काम तुमचं. नाहीतर काका, हे धूड भंगारात घाला."

आमचा दोरा हजाराच्या आत तुटायचा. पण पुतणीने पदर खोचला. "काका, तुम्ही मागे उभे राहा. तुमचा चेहरा बघूनच तुटतो तो."

दोन हजार. चार. मी मीटरच्या काट्यावर नजर लावून होतो. सहा हजारांवर व्यापाऱ्याने चहाचा कप तसाच खाली ठेवला.

आठ हजारांवर मी मागचा डबा बघितला. रिकामा. हात घालून तळ चाचपला. नुसता थंड पत्रा. पुढे दोरा येतच होता, एकसारखा, आजवरचा सगळ्यात देखणा.

मी पुतणीच्या कानाशी लागलो. "डब्यात काही नाही गं."

"माहितेय." तिचे डोळे चमकत होते. "मघाशी आतून दोन झटके आले."

गोंगाटात हाक पोचत नाही, म्हणून आम्ही दोऱ्याला झटके देऊन बोलतो. दोन म्हणजे चालू दे. ही भाषा घराबाहेर कुणाला येत नव्हती, आणि घरात आता आम्ही दोघंच होतो.

थांबवायला हवं होतं. पण खरं सांगतो, मला नाचावंसं वाटत होतं.

दहा हजार.

पुतणीने दोरा कापला. व्यापाऱ्याने सही केली आणि रीळ छातीशी धरून गेला. मी यंत्र बंद केलं. पुतणी हसता हसता रडत होती. यंत्राकडचं टोक अजून तिच्या बोटांत होतं.

"काका, तीन झटके."

तीन म्हणजे माझी पाळी संपली, बदली पाठवा. ज्याच्या हातात टोक, त्याने एकदा ओढून 'येतो' म्हणायचं.

मी तिचा हात धरायला झेपावलो. पण बोटांना लहानपणापासूनची सवय. तिने ओढलं होतं.

बंद यंत्राच्या आत कुणीतरी हुश्श केलं.