काठीवरचा आकडा

"चार वाजता सुनावणी आहे. माझाच अहवाल मला बुडवतोय म्हणे, आणि तो मला बघूही देत नाहीत!" तपासनीस बाई उभ्याउभ्याच म्हणाल्या.

खासगी गुप्तहेर चिमटाराव डोळे मिटून ऐकत होते. शेजारी त्यांचा मेहुणा बसला होता. तो डोळे उघडे ठेवूनही फारसं काही पाहत नसे.

टेकडीवरच्या बांधकामाच्या परवान्याला एक अट होती. पावसाचं गढूळ पाणी आधी तळ्यात निवळू द्यायचं, मगच ओढ्यात सोडायचं; ते तपासायचं काम बाईंचं. परवा ते तळंच फुटलं. खालच्या आळीतली अकरा घरं चिखलानं भरली, त्यातलं एक बाईंचं स्वतःचं. आळी त्यांना पाण्यात पाहत होती. सासूनं तर बोलणंच टाकलं होतं.

"तळं फुटायच्या चार दिवस आधीच मी लिहिलं होतं, ताबडतोब गाळ काढा म्हणून."

"शाईनं?"

"पेन्सिलीनं. पावसात शाई पसरते. आम्ही सगळे पेन्सिलच वापरतो."

म्हणजे ज्याच्याकडे खोडरबर असेल तो राजा! फाइलीपर्यंत तिघांचेच हात पोचत होते : बांधकामाचा मुकादम, प्रयोगशाळेचा सहायक आणि परवाना विभागाचे साहेब.

सुनावणीच्या अध्यक्षांनी चिमटारावांना अहवाल दाखवला. 'काठीवरचा आकडा : १. गाळ काढण्याची गरज नाही.' वाक्याखालचा कागद घासून पातळ झाला होता. आकड्याखालचा कोरा करकरीत होता.

मग चिमटाराव आणि मेहुणा तळ्यावर गेले. फुटलेल्या तळ्यात गाळाची मोजकाठी उघडी पडली होती. तिच्यावर फुटांचे आकडे : माथ्याशी शून्य, तळाशी दहा. मेहुण्यानं पाहिलं आणि जांभई दिली.

"गाळ काढायचा तर आठवडाभर काम बंद," मुकादमानं कबूल केलं. "पण मी खोडाखोड करणारा नाही."

"ही काठी बघता कधी?"

"सकाळ-संध्याकाळ."

"मी तपासणीच्या पाण्याच्या बाटल्या तिच्याजवळच भरतो," प्रयोगशाळेचा सहायक म्हणाला. "माझ्यावर कशाला आळ?"

परवाना विभागाचे साहेब मात्र आपल्या कचेरीत शांत होते. "मी दर महिन्याला तळ्यावर जातो. दहा फुटांच्या तळ्यात फूटभर गाळ म्हणजे काय मोठंसं? म्हणून परवान्याच्या नूतनीकरणावर सही केली."

"मुकादमच!" बाहेर येताच मेहुणा म्हणाला. चिमटाराव नुसते हसले.

चार वाजता सगळे जमले. मेहुण्याला बाईंची फार दया आली.

"वाक्य खोडणाऱ्यानं आकडा का ठेवला?" चिमटारावांनी विचारलं. "त्याला तो निरुपद्रवी वाटला. पण शून्य काठीच्या माथ्याशी आहे. एक म्हणजे गाळ वरपर्यंत आलेला, फूटभरच जागा उरलेली! मुकादम आणि सहायक काठी जवळून बघतात. त्यांनी एकाचा नऊ केला असता. तिघांपैकी एकालाच त्यात फूटभर गाळ दिसला. साहेब, तुम्ही त्या तळ्यावर एकदाही गेलेला नाहीत."

साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. "न बघताच सही करून बसलो होतो," ते पुटपुटले. "हा कागद नंतर आला. तो तसाच राहिला असता तर नोकरी गेली असती."

"माझ्या घरात गुडघाभर चिखल आहे, साहेब!" बाई ओरडल्या.

अध्यक्षांनी बाईंचं काढून घेतलेलं ओळखपत्र पुढे केलं. "तुम्ही निर्दोष आहात, बाई."

बाईंनी ते घेतलं नाही. "इथं चार भिंतींत सांगून काय उपयोग? आळीत चला. माझ्या सासूसमोर सांगा, अकरा घरांसमोर सांगा."

अध्यक्षांनी साहेबांकडे पाहिलं. "उठा. तुम्ही सांगायचं."