पहिली हालचाल खाली

प्रणिता नागपूरहून येऊन हेब्बाळच्या भूकंपनोंदणीच्या कार्यालयात नोकरीला लागली, तेव्हा तिथल्या त्रिविक्रम सरांनी तिला पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट शिकवली होती. जमिनीखाली अणुस्फोट झाला, की तो चहूबाजूंनी बाहेर ढकलतो, म्हणून भूकंपमापकाच्या प्रत्येक ठाण्यावर नोंदीची रेघ आधी वर उचलली जाते. भूकंपात मात्र काही ठाण्यांवर वर, काहींवर खाली. पुढे बारकावे पुष्कळ, पण सुरुवात इथून.

सरांना निवृत्त होऊन आता सहा वर्षं झाली होती. गेल्या महिन्यात त्यांची बायको, प्रमोदिनीअक्का, गेली.

मंगळवारी सकाळी प्रणिताला एक बारीकशी नोंद दिसली. नऊच्या नऊ ठाण्यांवर रेघ आधी खाली गेली होती. एखादी खाण खचली तर असं होतं, म्हणून तिने ठिकाण काढलं. बसवनगुडी, शहरातलीच जुनी वस्ती. खोली शून्य. तिने तीनदा गणित केलं आणि तिन्ही वेळा नकाशावरचा ठिपका सरांच्या गल्लीत पडला.

दुपारी ती तिथे गेली. घर शाबूत होतं. गल्लीत कुणाला काही जाणवलं नव्हतं. सरांची दाढी वाढली होती. अक्कांच्या खोलीचं दार लावलेलं होतं. प्रणिताने कागद पुढे केला, तो त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिला.

“सगळीकडे खाली,” ते म्हणाले. “म्हणजे बाहेर काही ढकललं नाही. आत ओढलंय.”

“कशाने, सर?”

“ते नोंदीत नसतं, प्रणिता.”

चार दिवस माझ्याकडे राहायला चला, म्हणून तिने खूप विनवलं. तेव्हा त्यांनी पहिल्यांदाच सांगितलं, की शेवटच्या दुपारी ते दवाखान्यातून डबा न्यायला घरी आले आणि त्यांचा जरा डोळा लागला. तेवढ्यात अक्का गेली होती.

“आता परत तिला एकटी टाकून कुठे येऊ?”

प्रणिता एकटीच परतली.

शुक्रवारी सव्वादहाला पुन्हा नोंद आली. पहिलीच्या दसपट.

सर फोन उचलेनात.

ती पोहोचली तेव्हा बाहेरचं दार नुसतं लोटलेलं होतं. उंबऱ्याशी चपला होत्या. टेबलावर चष्मा होता. तिने हाका मारल्या.

अक्कांच्या खोलीचं दार आतून बंद होतं.

चष्म्याशेजारी चहाचा कप होता. अजून वाफ निघत होती.

कप सरळ होता. आतला चहा त्या दाराकडे कलला होता.