धुराचं झाकण

"दादा, एक काम होतं..."

मी खराद बंद केला, तोंडावरचा रुमाल खाली ओढला आणि वळले.

"दादा कोण?"

तो जागीच थिजला. पांढरा शर्ट, काळी पँट, आणि माझ्या खरादावरून उडालेला भुसा त्याच्या केसांत, भुवयांवर, पापण्यांवरसुद्धा.

"सॉरी... ताई."

"ताई पण नको."

"मग?"

"काम सांग."

असा रविराज पहिल्यांदा आमच्या पंचवटीतल्या दुकानात आला. आम्ही पोळपाट, लाटणी, रव्या बनवतो. मी नववीतच शाळा सोडली, एका जागी बसवतच नाही मला. आता एकोणीस पूर्ण झालेत. खराद मी चालवते, गिऱ्हाइकाशी गोड बोलायचं काम अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं.

त्याला लिंबू-पुदिना ठेचायला दांडा हवा होता. गाव देवळा, घरी कांद्याची शेती, आणि हा गंगापूर रोडच्या एका हॉटेलात बार काउंटरवर शिकाऊ. दांडा दिला. आठ दिवसांनी परत हजर.

"तुटला."

"बाभळीचा दांडा? त्यानं ट्रॅक्टर अडवता येईल!"

"सध्या पुदिना जरा कडक येतोय," तो म्हणाला, आणि बघतच राहिला... मी पटकन खराद चालू केला. आवाजात बरं असतं, काही बोलावं लागत नाही.

मग येतच राहिला. एकदा मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. लाकडाची जाड गोल चकती, ग्लासवर झाकणासारखी बसते. मधल्या वाटीत लाकडाचा भुसा टाकायचा, वरून बर्नरची ज्योत धरायची. धूर खाली ग्लासात उतरतो.

"दारूला पण धुरी देता तुम्ही?"

"चुलीवरच्या वांग्याला कसा वास लागतो, तसं. मंगळवारी माझी ट्रायल आहे. हे झाकण असतं ना माझ्याकडे... जाऊ दे. पास झालो तर पक्का. नाहीतर बॅग भरायची, देवळा."

तो हसला. पण खिशातल्या किल्लीशी त्याचा हात चाळा करत होता. मला असलं सगळं दिसतं.

देवळा काही लांब नाही. पण कोण कशाला येईल तिथून, दांडा घ्यायला?

त्यानं एकदा चाखायला सरबत आणलं होतं, हॉटेलच्याच ग्लासात. पिऊन झाल्यावर मी ग्लासच्या तोंडावर अंगठा आणि बोट ताणून माप घेतलं.

"काय करतेस?"

"ग्लास चांगलाय."

"आणि सरबत?"

"ते पण ठीक."

तीन चकत्या वाया घालवल्या. एक तडकली, एक ग्लासात अडकली, एक मी रागात फेकली. चौथी बसली. वाटीच्या बुडाला चहाच्या गाळणीची जाळी कापून लावली. अण्णांनी उलटीपालटी करून बघितली.

"हे काय, धुपाटणं?"

"हो."

सोमवारी त्याच्या हातात ठेवली. तो नुसता अंगठा फिरवत राहिला तिच्या कडेवरून...

"छाया, हे तू... माझ्यासाठी?"

"पुडीत आंब्याचा भुसा आहे. पळ आता."

मंगळवारी दुपारी अण्णा लाटण्याला लाख चढवत होते. फिरत्या लाकडाला लाखेची कांडी टेकवायची, ती गरम होऊन वितळते, वरून केवड्याचं पान फिरवलं की चकचकीत. लाखेचा वास आला आणि मला झाकण आठवलं.

मी झाकणाला लाख लावली होती. आतून-बाहेरून, वाटीलासुद्धा! हातानं सवयीनं लावून टाकली. आणि तो त्यावर बर्नर धरणार होता.

त्याला फोन लावला, बंद. ड्युटीवर ते फोन लॉकरमध्ये ठेवून घेतात. ट्रायल चार वाजता. तीन पस्तीस झालेले.

स्कूटी काढली. प्रत्येक सिग्नल माझ्यासाठीच लाल. एका रिक्षावाल्याला शिव्या दिल्या, चूक माझी होती. हॉटेलच्या मेन गेटवर वॉचमन आडवा आला, म्हणून मागच्या गेटनं घुसले. "किचनचा पुदिना!" ओरडत पळाले. हातात काही नव्हतं.

काउंटरपाशी पोचले तेव्हा बर्नर पेटलेला होता.

"पेटवू नको!"

उशीर झाला. लाख बुडबुडली, आणि एक तपकिरी थेंब टपकन ग्लासात. सगळीकडे लाखेच्या जळक्या बांगड्यांचा वास. शेखर सर म्हणजे त्याचे मॅनेजर. त्यांनी ग्लास नाकापाशी नेला आणि लगेच लांब धरला.

"हे काय आहे?"

"सर, मी बनवलंय. माझीच चूक..." रविराज म्हणाला.

माझं डोकंच फिरलं.

"खोटं! याला खिळा ठोकता येत नाही. मी बनवलं. आगीजवळच्या वस्तूला कोणी लाख लावतं का? मी लावली. छान दिसावं म्हणून." शेवटी आवाज फाटलाच.

"तू कोण?"

"खरादी."

"ते कळलं. याची कोण?"

मी झाकणच ओढून घेतलं.

"पंधरा मिनिटं द्या," मी म्हटलं. खिशात पॉलिश पेपर होता, किचनमधून सुरी घेतली. खरवडत बसले. घाईत दोनदा सुरी बोटाला लागली. झाकण उघडंबोडकं झालं, ओरखडेच ओरखडे. ते त्याच्यापुढे ठेवलं आणि बाहेर पळाले. बघवणार नव्हतं.

पार्किंगमध्ये उभी राहिले. दहा मिनिटं. वीस. अर्धा तास... शेवटी तो आला. चेहऱ्यावर काहीच नाही. हातात फोन.

"छाया—"

"थांब. आधी मी बोलते. पास असो, नापास असो, माझ्यामुळे असो. तू देवळ्याला जा, कांदे काढ, काय करायचं ते कर. मला तू आवडतोस. मी बस धरून येईन तिथं. झालं. आता सांग."

"पास झालो."

"मग आधी नाही का सांगायचं!"

"तू बोलत होतीस. मधे कोण बोलणार?"

मी कानशिलापर्यंत तापले. स्कूटीला किक मारली, ती पण चालू होईना.

"एवढा वेळ काय करत होतास आत?"

"आईला फोन लावला होता."

"पास झालो म्हणून सांगायला?"

तो माझ्या बोटावरच्या चिरेकडे बघत होता. वर बघितलंच नाही त्यानं.

"ते पण सांगितलं."