सकाळी रुसणारं पिस्तूल

"टक्!"

"परत नाही उडाली!" कुंपणामागून नऊ वर्षांचा जेब ओरडला.

"ओरडू नकोस, मोज!" त्याची थोरली बहीण टेसा म्हणाली.

समोर पपॉ, म्हणजे त्यांचे आजोबा हार्लेस कॉम्ब्स, पिस्तूल तसंच मातीच्या बांधाकडे रोखून उभे होते. गोळी उडाली नाही की नळी जराही हलवायची नाही आणि मनात तीसपर्यंत मोजायचं, ही त्यांची शिस्त. जेबला मात्र मनात मोजता येतच नसे.

"अठ्ठावीस, एकोणतीस, तीस! काढा, पपॉ!"

पपॉंनी पिस्तुलाचा वरचा सरकता भाग मागे ओढला. न उडालेली गोळी दवाने पांढऱ्या झालेल्या गवतात पडली. आठातल्या पाच गोळ्यांनी नुसतं 'टक्' केलं होतं!

कॉफीचा मग घेऊन डॅरेलमामा परसात आला. "बाबा, पुरे आता. वय झालं, हात थरथरतो तुमचा. शनिवारी साऱ्या खोऱ्यासमोर फजिती कशाला? टर्की शूटच्या यादीत तुमच्या जागी मी माझं नाव घालतो. शुक्रवारी संध्याकाळी यादी बंद होतेय."

टर्की शूट हे नुसतं नाव, टर्की पक्ष्यावर कुणी गोळी झाडत नसे. नेम कागदावर धरायचा आणि जिंकणाऱ्याने गोठवलेली टर्की घरी न्यायची. पण चाळीस वर्षांत त्या रांगेत पपॉ नाहीत, असा एकही नोव्हेंबर गेला नव्हता. त्यांनी टोपी पुढे ओढली आणि ते घरात गेले.

"मला हे आवडलेलं नाही!" टेसा पाय आपटत म्हणाली.

थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीसाठी लेक्सिंग्टनहून आलेला तिचा मावसभाऊ ब्रॉडी तेरा वर्षांचा होता, आणि आपल्याला सगळं कळतं अशी त्याची खात्री होती. "म्हातारा माणूस, जुनं पिस्तूल. यात काय मोठंसं?"

"डोकं चालव की! हात थरथरला तर गोळी भलतीकडे जाईल. पण चाप ओढल्यावर हातोडी तर पडतेच ना? मग 'टक्' का? आणि ज्या तीन उडाल्या त्या बघ. तिन्ही काळ्या ठिपक्यात!"

ब्रॉडीने कागद पाहिला. त्याचा आवाज जरा खाली आला. "मग गोळ्या सादळल्या असतील."

"तपासू या!"

पपॉंनी दुपारी पुन्हा सराव केला. गोळ्यांचा डबा तोच, हात तेच, पिस्तूल तेच. ढाँय! ढाँय! आठच्या आठ उडाल्या! बुधवारी सकाळी चार वेळा 'टक्', दुपारी एकदाही नाही. टेसाने वहीत वेळ आणि आकडे मांडले. मुलं पिस्तुलाला बोटही लावत नसत, कारण पपॉंची तशी सक्त ताकीद होती. पण डोळे आणि कान वापरायला कुणाची ताकीद नव्हती!

बुधवारी संध्याकाळी सगळे टेकडीवरच्या पांढऱ्या लाकडी चर्चमध्ये गेले. तिथे उपदेश पपॉच करत. सुरुवातीला ते कुंपणावर रेलून शेजाऱ्याशी बोलावं तसं साधं, अडखळत बोलत. मग हळूहळू श्वास लयीत पडू लागे, शब्द लांबत, वाक्याला सूर फुटे, आणि बघता बघता सारं प्रवचन गाणं होऊन जाई. म्हाताऱ्या बायका डोळे पुसत, धिप्पाड खाणकामगार माना डोलवत. देव त्या सुरात खरंच खाली उतरून बाकावर आपल्या शेजारी येऊन बसतो. ज्याने ऐकलंय त्याला हे निराळं सांगावं लागत नाही.

"पपॉंना पण तापायला वेळ लागतो," जेब कुजबुजला. "पिस्तुलासारखाच."

टेसा ताडकन सरळ बसली. "काय म्हणालास?"

"काही नाही! मी प्रार्थनाच करत होतो!"

"वेड्या, तू शहाणा आहेस! सकाळी थंड, तेव्हा अडतं. दुपारी ऊन पडलं की चालतं. म्हणजे आत काहीतरी थंडीने गोठतंय!"

गोठतंय ते काय? गुरुवारी सकाळी स्वयंपाकघरात ते कळलं. खिडकीतल्या डब्यात ममॉने, म्हणजे आजीने, बेकनची चरबी साठवली होती, ती पांढरी, घट्ट झाली होती. ममॉने त्यातला चमचाभर तापलेल्या तव्यात टाकला, तर क्षणात पाणी!

"ममॉ, पिस्तूल आलं तेव्हा कसं होतं गं?" टेसाने विचारलं.

"अगं बाई, नको ती आठवण! बल्गेरियाच्या फौजेने कितीतरी वर्षं गोदामात ठेवलेलं. मेणकागदात गुंडाळलेलं, वर काकवीसारखं तपकिरी ग्रीस थापलेलं! जुलैत डॅरेलने ते पपॉंच्या वाढदिवसाला आणलं, आणि माझे तीन टॉवेल वाया घालवून स्वतः धुतलं."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. जुलैत! म्हणजे इथल्या भर उन्हाळ्यात! म्हणून तर इतके महिने काही कळलंच नाही!

"मी? अरे, चकाचक केलंय मी ते!" दुपारी थँक्सगिव्हिंगच्या टर्कीच्या जेवणात मुलांनी विचारलं तेव्हा डॅरेलमामा हसला. "तोंड बघून घ्या त्यात!"

"दिसतं तेवढंच धुतलंस ना, मामा?"

"फार शहाणी झालीस गं तू!"

"मग लाव पैज," टेसा शांतपणे म्हणाली. "उद्या सकाळी तू नेम धर. तुझा हात तर थरथरत नाही ना?"

पपॉंच्या मिशीखाली हसू हललं. त्या रात्री त्यांनी पिस्तूल रिकामं करून, दोनदा पाहून, कुलूपबंद पेटीत घातलं आणि ती पेटी मुद्दाम मागच्या गारठलेल्या खोलीत ठेवली.

शुक्रवारी सकाळी मामा ऐटीत उभा राहिला. "बघा, पोरांनो, कसं मारायचं!"

टक्!

"मामा, हात थरथरला वाटतं!" ब्रॉडी म्हणाला.

जेबने मोठ्या आनंदाने तीस आकडे मोजले. दुसरी गोळी. टक्! तिसरी. टक्! मामाचे कान लालबुंद झाले.

"आत चला," पपॉ म्हणाले.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं गेलं. पपॉंनी पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करून वरचा भाग काढला, बाजूची कळ फिरवून उपसली आणि तो भाग तिरका धरला. "गोळीच्या बुडावर आदळते ती पिन इथे आत असते. मोकळी असली तर आपण होऊन घसरत बाहेर येते."

सगळे वाकून बघू लागले. पिन काही आली नाही.

पपॉंनी ती चिमट्याने ओढली, तेव्हा तिच्याभोवती तपकिरी, मेणासारखा थर! पिनेच्या भोकातूनही तसाच गोळा निघाला.

"सापडला!" तिघं एकदम किंचाळले.

"हसू नका," पपॉ गंभीरपणे म्हणाले. "ही पुढे अडकून बसली असती, तर चाप न ओढताच गोळी उडाली असती."

मामाचा चेहरा उतरला. "बाबा... मी आतलं उघडलंच नव्हतं. आणि वर तुमच्या हातांना बोल लावला."

त्याने स्वतः रॉकेल आणून भोक आणि पिन घासून काढली, पुसली, वाळवली. मग तेलाची बाटली उचलली.

"नको!" टेसा ओरडली. "तिथे तेल नको! तेही थंडीत घट्ट होईल!"

"बरोबर बोलतेय पोरगी," पपॉ म्हणाले. "तिथे कोरडंच हवं."

आता पिन सळकन पुढे, सळकन मागे घसरू लागली. मामाने गाडीची किल्ली उचलली. यादी बंद व्हायच्या आत पपॉंचं नाव घालायला त्याला पोचायचं होतं.

शनिवारी सकाळी आठ वाजता अग्निशमन दलाच्या मैदानावर बोटं वाकत नव्हती, इतका गारठा होता. पपॉ रांगेत उभे राहिले. मुलांनी श्वास रोखला.

ढाँय! ढाँय! ढाँय! एकामागून एक आठ गोळ्या! सहा काळ्या ठिपक्यात, दोन अगदी काठाला. टर्की शेजारच्या खोऱ्यातल्या एका शिक्षिकाबाईंनी नेली, त्यांच्या आठही आत होत्या. पपॉंनीच सगळ्यांत मोठ्याने टाळ्या वाजवल्या.

"हार्लेस, आठवडाभर ऐकत होतो की तुझं पिस्तूल बिघडलंय," दलाचे प्रमुख म्हणाले. "कुठल्या कारागिराने दुरुस्त केलं?"

पपॉंनी तिघांना पुढे ढकललं. "या तिघांनी! आणि कमाल म्हणजे, एकानेही त्याला बोट लावलं नाही!"

प्रमुखांनी टोपी काढून तिघांशी हात मिळवले. आणि डॅरेलमामा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "चूक माझी होती, आणि ती शोधली माझ्या भाच्यांनी. बाबांचे हात माझ्यापेक्षा स्थिर आहेत. पुढल्या वर्षीच्या यादीत पहिलं नाव त्यांचंच लिहा. आत्ताच लिहा, शाईने!"