मी न धुतलेली टाकी

गाडी ढकलणारा मला आवडला आणि गाडीत बसलेली आवडली नाही. दोन्ही एकाच मिनिटात झालं, त्यामुळे आधी काय झालं ते विचारू नका.

डिसेंबरची सकाळ होती. वडशात आमच्या गॅरेजसमोर राइस मिल आहे, तिथून उकडलेल्या धानाचा वास येत होता. धुकं अजून रस्त्यावरच होतं. त्या धुक्यातून एक जुनी फियाट आली... आवाज न करता. एक उंच मुलगा स्वेटरच्या बाह्या वर सारून ती मागून ढकलत होता, आणि स्टिअरिंगवर एक बाई बसली होती. गॉगल लावून. धुक्यात गॉगल!

"मिस्त्री हायेत का?" त्यानं विचारलं.

"मीच हाय. बोला."

तो जरा गडबडला, मग हसला. "मंग बरं झालं. ही गाडीबी बाईमाणूसच हाय. मले तं काही सांगत नाई, तुमाले सांगंल काऊन रुसली ते."

मी बॉनेट उघडलं ते तोंड लपवायला.

त्याचं नाव प्रफुल. वडशातल्याच एका नाटक कंपनीत पेटी वाजवायचा. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी ते होळी नाटकांचा हंगाम. ज्या गावात प्रयोग, त्याच्या आसपासच्या खेड्यांत सकाळीच भोंगा लावलेली गाडी फिरते आणि गाडीत नटी बसून हात हलवते. नटी दिसली की मंडप भरतो. यंदा त्या कामाला कंपनीनं प्रफुलच्या आजोबांची फियाट धरली होती. गॉगलवाली म्हणजे कंपनीची नटी रिना, नागपूरची.

गाडी बारा वर्षं गोंडपिपरीला धानाच्या कोठीत उभी होती. टाकीचं झाकण हरवलं म्हणून आजोबांनी तिथे चिंधी कोंबलेली. कार्ब्युरेटर उघडला तर वाटीत लाल चिखल, आणि त्यात चक्क धानाचं तूस.

"इथी धानाची रोवणी केली होती का तुमी?" मी विचारलं.

"पीक कसं हाय?"

"गंज चांगला पिकला. कार्ब्युरेटर तं मी आत्ता धुईन, पण खरा गाळ टाकीत हाय. टाकी उतरवून घुसळा लागंल. तीन दिवस लागतीन."

"लागू द्या ना," तो म्हणाला. इतक्या पटकन कोणी म्हणत नाही. गाडी गॅरेजात टाकलेला माणूस घाई करतो.

तीन दिवस तो माझ्या शेजारी जुन्या टायरवर बसला. पाना मागितला की पाना द्यायचा, कधी मुद्दाम चुकीचा. मी कार्ब्युरेटरातल्या जेटच्या बारीक भोकात हवा मारायचे, एक डोळा मिटून उजेडाकडे धरून बघायचे... आणि जेटपलीकडे तोच दिसायचा. इंजिनातल्या पेट्रोल पंपाची जाळी धुताना त्यानं विचारलं, "एवढी बारीक जाळी, तरी घाण जाते कशी?"

"बारीक असते तेच जाते. मोठं तं दिसते, अडवता येते."

"गाण्यातबी तसंच असते," तो म्हणाला. मला गाण्यातलं काही कळत नाही, पण मी मान डोलावली. एरवी मी कोणासाठी मान डोलावत नाही.

आणि रोज चार वाजले की रिना यायची. "चाल ना प्रफुल, तालीम आहे." खांद्यावर हात ठेवून. तो हात खांद्यावर किती वेळ राहतो हे मी मोजायचे. तिच्या नखांना लाल रंग, माझ्या नखांत काळं ऑइल. ती मला "ताई" म्हणायची, तेही गोड आवाजात. त्यामुळे तर मी जास्तच पेटायचे. मत्सर, दुसरं काही नाही. नाव झाकून काय उपयोग?

तिसऱ्या दिवशी कार्ब्युरेटर बसवत होते तेव्हा ती म्हणाली, "ताई, होळी झाली का मी याले नागपूरले घेऊन जाते. ओळखीचा आर्केस्ट्रा आहे. इथी पेटी वाजवून काय होते?"

प्रफुल नुसता हसला. नाही म्हणाला नाही. मी कार्ब्युरेटरात डोकं खुपसलं आणि कान बंद करून घेतले. पुढचं ऐकायची हिंमत नव्हती.

मग मी ते केलं. टाकी उतरवलीच नाही. नवा फिल्टर लावला, स्वच्छ कार्ब्युरेटर बसवला, चावी फिरवली. गाडी छान चालू झाली. मला पक्कं माहीत होतं, चार दिवस चालेल. मग टाकीतला गाळ फिल्टर भरेल, गाडी गचके खाईल आणि त्याला माझ्याकडेच यावं लागेल... पुन्हा तीन दिवस.

माझे बाबा, सोमाजी मिस्त्री. कंबर गेली म्हणून आता आतल्या खोलीत खुर्चीवर बसून असतात. त्यांची एकच शेखी: आपल्या हातची गाडी त्याच तक्रारीसाठी परत येत नाही. त्यांनी खुर्चीवरूनच विचारलं, "टाकी झाली का वो बाई?" मी "हो बाबा" म्हणाले. आयुष्यात बाबांशी कामाबद्दल खोटं पहिल्यांदाच बोलले.

दुसऱ्या दिवशी भोंगा वाजवत फियाट गॅरेजवरून गेली. प्रफुलचा आवाज, आणि मध्येच रिनाचं हसणं, दोन्ही अख्ख्या वडशाला ऐकू. मी हातातला हातोडा उगाचच एका चांगल्या मडगार्डवर मारला.

चौथ्या दिवशी गाडी बंद पडली. पण मला वाटलं होतं तशी, गावात नाही. कुरखेड्याच्या रस्त्याला, जंगलात. दुपारपर्यंत दोघं तिथेच. चार खेड्यांत भोंगा फिरलाच नाही, नटी कोणाला दिसली नाही, आणि प्रयोगाला अर्धा मंडप रिकामा राहिला. मालकानं सगळ्यांसमोर प्रफुलला झापलं आणि दुसरी गाडी लावली. हे मला दुसऱ्या दिवशी सकाळी चहावाल्याकडून कळलं. चहा तसाच टाकून मी परत आले. मला फक्त तो परत यायला हवा होता. त्याची मान खाली गेलेली नको होती.

तासाभरात तो आला. गाडी ढकलत, एकटाच.

बाबा काठी टेकत उठून बाहेर आले. तीस वर्षांत पहिली गाडी परत आली होती. त्यांनी फिल्टर काढून हातावर उलटा केला. लाल चिखल.

"टाकी धुतली होती नं?" बाबांनी मला विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत प्रफुल म्हणाला, "धुतली होती काका. मी इथीच बसून होतो नं. मीच बाटलीतलं पेट्रोल टाकलं रस्त्यानं, त्यातच घाण असंल."

बाबांना ते पटत होतं. मी गप्प राहिले असते तर सगळं तिथेच मिटलं असतं. पण हा माणूस काल माझ्यामुळे बोलणी खाऊन आला होता आणि आज माझ्यासाठी पुन्हा खायला तयार होता.

"नाई धुतली बाबा," मी म्हणाले. "मुद्दाम नाई धुतली."

"काऊन?"

"हा परत यावा म्हणून."

बाबांनी माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "टाकी उतरव," एवढंच म्हणाले आणि आत गेले. मान वर करायची माझी छाती होईना.

"मले मालूम होतं," प्रफुल हळूच म्हणाला.

"काय मालूम होतं?"

"टाकी तशीच हाय ते. तीन दिवस मी काय फक्त पाने देत होतो? पहिल्याच दिवशी तुमी म्हटलं, खरा गाळ टाकीत हाय. मंग टाकीले हातबी लावला नाई. मी पाह्यलं... अन् गप बसलो."

"तुमी काऊन गप बसले?"

"तूच सांग आता," तो म्हणाला. पहिल्यांदाच 'तू'. माझे कान तापले.

"अन् नागपूर?" माझा आवाज भांडल्यासारखाच निघाला. "ती नेऊन राह्यली नं तुले?"

"तिले मी तवाच नाई म्हटलं. तुझ्यासमोर. तू कार्ब्युरेटरात तोंड घालून बसली होती."

मला हसूही आलं आणि रडूही. दोन्ही आवरत मी गाडीखाली शिरले. पट्टे सैल केले, टाकी खाली घेतली. आत घासलेट ओतलं, मूठभर गिट्टी टाकली, तोंडाला बूच मारलं. एक टोक मी धरलं, दुसरं त्यानं. समोरासमोर उभं राहून आम्ही ती घुसळायला लागलो. गिट्टी खडखडत होती, त्याची बोटं माझ्या बोटांपासून हातभर लांब होती. लाल नखं आठवली, पण आता मोजण्यासारखं काही नव्हतं.

पहिल्यांदा लाल चिखल निघाला. दुसऱ्यांदा तूस. चौथ्यांदा घासलेट चहासारखं आलं. पाचव्यांदा मी ते काचेच्या बाटलीत धरून उन्हाकडे केलं... एकदम नितळ, पलीकडचा प्रफुल स्पष्ट दिसत होता.

आतून बाबांनी विचारलं, "झाली का साफ?"

प्रफुलनं माझ्याकडे बघितलं. मी बाटली पाठीमागे लपवली आणि टाकीचं माझं टोक पुन्हा उचललं.

"नाई बाबा," मी ओरडले, "अजून निघून राह्यला गाळ!"