टेपचं दुसरं टोक

बसा. अल्पेश, मोबाईल ठेव खाली. उद्या डोंगराकडच्या त्या बंकरात उतरून व्हिडिओ काढायचा बेत आहे ना तुमचा? मी अडवत नाही. अडवून तुम्ही थोडेच थांबणार आहात. फक्त तसल्याच एका बंकरात जयदेवचं काय झालं ते ऐकून जा. हे इकडून तिकडून ऐकलेलं नाही. जयदेव माझा साडू. त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलंय, तेही एकदाच. पुन्हा विचारलं तर ताटावरून उठून गेला.

दोन हजार बावीस साल. डिसेंबरची तेवीस तारीख, शुक्रवार, मार्गशीर्षातली अवस.

जयदेव तेव्हा चिखलोलीच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला, एका नव्या बिल्डिंगच्या साइटवर सुपरवायझर होता. पंचेचाळिशीचा गडी. कामाला वाघ, देवधर्म बेताचा, भुताखेतांचं तर नावच नको. त्या दुपारी पायाचे खड्डे घेताना जेसीबीचा दात कशावर तरी ठण्णकन वाजला. माती उकरून बघतात तर हातभर जाडीचा स्लॅब, आणि फुटल्या कोपऱ्यातून खाली जाणाऱ्या पायऱ्या.

आता आपल्याकडच्या माणसाला याचं काय नवल? उल्हासनगर वसायच्या आधी तिथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली लष्करी छावणी होती, हे तुमच्या आज्यानेही सांगितलं असेल. कुठे टाकी निघते, कुठे कोठार. जयदेवने शेठला फोन लावला. शेठ म्हणाला, "गाजावाजा नको. वरती कुणाला कळलं तर काम लटकलंच समज. आज किती मोठं आहे ते माप. उद्या भराव टाकू आणि वरून काँक्रीट मारू."

माप घ्यायचं. बास, एवढंच काम.

संध्याकाळी सहाच्या सुमाराला जेसीबी थांबला, माणसं घरी गेली. जयदेव आणि मधु तेवढे मागे राहिले. मधु म्हणजे जालन्याकडचा गवंडी, पन्नाशीचा, अबोल. दोघं खड्ड्याशी आले तर काठावर एक म्हातारी उभी. पलीकडच्या वाडीतली विठा. ऐंशीला टेकलेली, कमरेत वाकलेली.

"गावलं का रं ते?" तिने विचारलं.

"काय गावलं, आजी?"

"तलघर. माजा बा हाय त्यात."

जयदेवला आधी समजलंच नाही. मग म्हातारीने उभ्या उभ्या सांगितलं. छावणीचा कुणी कंत्राटदार होता, तो वाडीतली माणसं खणायला न्यायचा. एके दिवशी आतली भिंत बसली. बाकीचे बाहेर पळाले, विठाचा बाप पलीकडे अडकला. तिची आई दोन महिन्यांच्या विठाला पदरात घेऊन तळघराच्या तोंडाशी बसून राहिली. आतून आवाज येत होता. एक दिवस. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी, काम मागे पडतंय म्हणून, कंत्राटदाराने तोंड बंद करून टाकलं.

"आवाज येत व्हता तवाच बुजवलं," म्हातारी म्हणाली. "आय मरंपरत तेच सांगत व्हती. तू उतरतोस तं बग. हाडूक गावलं तरी चालंल. मी नेईन घरी."

"बघतो आजी," जयदेव म्हणाला.

म्हातारीला बरं वाटावं म्हणून बोलला. पण बोलला.

साडेसहाला दोघं खाली उतरले. अकरा पायऱ्या. खाली कोरडं होतं आणि विहिरीसारखं गार. मोठी खोली, समोरच्या भिंतीत एक बोळ, बोळाच्या टोकाला ढासळलेल्या दगडांचा ढीग, आणि त्या ढिगाच्या वरच्या अंगाला माणूस सरपटत जाईल एवढी फट. एक वटवाघूळ नाही, उंदीर नाही. कोळ्याचं जाळंसुद्धा नाही. हे जयदेवला नंतर आठवलं.

शंभर फुटी टेप होती. जयदेवने डबा धरायचा, मधुने टोकाची कडी घेऊन पुढे जायचं आणि ती भिंतीला लावून ओरडायचं. तुम्ही बांधकामावर बघितलं असेल.

"लावलं का रे?"

"लावलं, सायेब."

बावीस फूट. लिहिलं.

मग बोळ. मधु दगडांपर्यंत गेला.

"लावलं?"

"लावलं, सायेब."

एकतीस फूट. तेही लिहिलं. तेवढ्यात मधुच्या मोबाईलचा उजेड गेला. म्हणाला, "बॅटरी संपली. वरून दुसरी टॉर्च घिऊन येतो. कडी हितंच ठिवली दगडावर." आणि जयदेवच्या बाजूने पायऱ्यांकडे गेला.

जयदेव मोठ्या खोलीत, बोळाच्या तोंडाशीच उकिडवा बसला. टॉर्च काखेत धरली, वही मांडीवर घेतली, खोलीचा आणि बोळाचा नकाशा काढायला लागला. टेपचा डबा डाव्या हातात तसाच. काम करणाऱ्या माणसाचं कसं असतं, डोकं कागदात गेलं की आजूबाजूचं भान राहत नाही. पाच मिनिटं गेली असतील. दहाही असतील.

हातातली टेप सैल होती. ती ताठ झाली.

मधु आला वाटतं, जयदेवच्या मनात आलं. बाजूने गेला, आपल्याला कळलंच नाही. वहीतून डोकं वर न काढता त्याने विचारलं, "लावलं का रे?"

उत्तर जरा उशिरा आलं.

"धरलाय."

जयदेवने आकडा बघितला. एकेचाळीस. म्हणजे दगडांच्या पलीकडे दहा फूट. फटीतून आत घुसला की काय हा?

"अरे, आत कशाला गेलास? ये मागे. सोड टेप."

टेप सुटली नाही. उलट थोडी आत गेली. बेचाळीस. चव्वेचाळीस.

"मधु, सोड म्हणतो ना!"

"सायेब..."

आवाज मागून आला. वरून. पायऱ्यांवरून.

"सायेब, कुनाशी बोलताय? मी हितं हाय."

जयदेवने मान वळवली. मधु सातव्या-आठव्या पायरीवर उभा होता. हातात टॉर्च. तो उजेड जयदेवच्या अंगावरून पुढे गेला. टेपवरून पुढे गेला. टेप जमिनीपासून वीतभर वर होती. तारेसारखी ताठ. बोळातून सरळ जात होती. आणि त्या फटीत शिरली होती.



टेपला हिसका बसला. हलका. पुन्हा एक.

मग आतून...

"वढ."

दमलेला आवाज. घसा सुकलेल्या माणसाचा.

"वढ ना रं..."

आता पोरांनो, नीट ऐका. जयदेवला त्या क्षणी एक गोष्ट कळली होती, आणि त्याने ती मला सांगितली. पलीकडचा त्याला आत खेचत नव्हता. तो लटकला होता. बुडता माणूस दोराला लटकतो, तसा. टेपमधून हात थरथरल्यासारखं जाणवत होतं. पलीकडचा हात.

जयदेवने टेप सोडली.

डबा फरशीवर आपटला. खरडत गेला. बोळात गेला. दगडांवर वाजला. फटीत गेला.

मग काहीच नाही.

दोघं वर आले तेव्हा सात वाजून वीस मिनिटं झाली होती. मधुने फक्त एवढंच विचारलं, "वढ म्हनला का?" जयदेवने मान हलवली.

शनिवारी सकाळी आठला मशीन चालू झालं. जयदेवने रात्रभर शब्द जुळवले होते. शेठला म्हणायचं, दोन दिवस द्या, आतली दगडं काढतो, एका म्हातारीचा बाप आहे आत. शेठचा फोन आला, "चालू केलं का?" आणि जयदेवच्या तोंडून निघालं, "हो शेठ, चालू केलं." उजेडात अशा गोष्टी बोलवत नाहीत, पोरांनो. माणसाला लाज वाटते.

विठा काठावर येऊन बसलेली होतीच.

"दिसला का?"

"काही नव्हतं, आजी. रिकामं होतं."

"आवाज?"

जयदेवने जेसीबीकडे बघितलं. "नाही."

म्हातारी काठी टेकत उठली आणि वाडीकडे गेली.

दुपारपर्यंत दगडमाती आत लोटली. संध्याकाळी वर काँक्रीट पडलं. मधुने स्वतः रंधा मारून ते आरशासारखं केलं. ओल्या काँक्रीटवरून गुरं, कुत्री जायला नकोत म्हणून शेठने दोघांना रात्री थांबायला सांगितलं. या नव्या स्लॅबच्या कडेपासून दहा पावलांवर पत्र्याची केबिन होती. केबिनच्या दाराशी मधुने शेकोटी केली आणि स्लॅबकडे तोंड करून बसला. जयदेव आत खिडकीशी आडवा झाला. झोप नव्हती. वारा नव्हता. कुत्रंसुद्धा ओरडलं नाही. पहाटे कधीतरी त्याचा डोळा लागला.

सहाला मधुने त्याला हलवलं. बोटाने स्लॅब दाखवला.

जयदेव बाहेर आला.

स्लॅबच्या मधोमध दोन तळहात उमटले होते. बोटं फाकलेली. त्यांच्या पुढे दोन गुडघे. मग पावलं. अनवाणी. मोठ्या माणसाची. एकामागे एक, नऊ. केबिनच्या दिशेने.

मधल्या जागेपर्यंत जाणारं एकही पाऊल नव्हतं. चारी कडा त्यांनी ओणवं होऊन बघितल्या. एकही नाही.

"पोरांची शपथ, सायेब," मधु म्हणाला. "पापनी न्हाई लवली माजी. कुनी आलं न्हाई. काईच हललं न्हाई..."

कुणी बोलावलं नव्हतं, तरी विठा आली. वाकली, बसली. कडेवरून हात पोचत नव्हता म्हणून सरळ स्लॅबवर गेली. काँक्रीट आता कडक झालं होतं, तिचं पाऊल उमटलं नाही. मधोमध जाऊन तिने आपला पंजा त्या पंजात ठेवला. तिचा पंजा आत बुडून गेला. रडली नाही. मान वर करून जयदेवला विचारलं,

"काय म्हनत व्हता?"

जयदेवला खोटं बोलता आलं नाही. "ओढ म्हणत होता, आजी."

"मंग?"

...

जयदेवने त्याच दिवशी काम सोडलं. आता वांगणीला असतो, रात्री दिवा घालवत नाही. मधु गावी गेला तो परत आला नाही. विठा त्या उन्हाळ्यात गेली. बिल्डिंग उभी राहिली. लोक राहतात, गाड्या लावतात. त्यांना सांगणार कोण?

काय विचारलंस, जिज्ञासा? पावलं पुढे कुठे गेली?

नववं पाऊल कडेला होतं. त्याच्या शेजारी दहावं. दोन्ही जोडून. बोटं खिडकीकडे. ती दोन बाकीच्यांपेक्षा खोल रुतलेली होती, चांगली तीन बोटं. कुणीतरी तिथे बराच वेळ उभं असल्यासारखी.

आणि कडेच्या पुढे मुरूम होता. आदल्याच दुपारी टाकलेला. भुसभुशीत. चिमणी उतरली तरी नक्षी उठावी असा.

त्याच्यावर काहीच नव्हतं.